"ते हे" आणि माझ्या डोक्यातलं गळू



ही गोष्ट २०२३ च्या जानेवारीतली. इतके दिवस लिहिली नाही, कारण सुरुवातीला लिहिता येत नव्हतं आणि नंतर लिहावंसं वाटत नव्हतं. गेल्या आठवड्यात इथल्याच एका मित्राच्या मुलाचा कान वाहतोय असं कळलं. त्याची आई म्हणाली, "होतं रे लहानपणी, माझाही वाहायचा." म्हटलं, आता लिहायलाच हवं.

मी मूळचा कराडकडचा. गेली सतरा वर्षं ग्लासगोत आहे. माझा डावा कान सातवी-आठवीपासून वाहतो. विहिरीत उड्या मारायच्या, कान वाहायला लागला की आई लसूण घालून तेल कोमट करायची, दोन थेंब आणि वर कापूस. चार दिवसांत थांबायचं. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न, परदेश सगळं झालं, पण कान आपला वर्षातून दोनदा वाहायचाच. थोडा वास यायचा, थोडं कमी ऐकू यायचं. मी फोन उजव्या कानाला लावायला शिकलो आणि विषय संपला असं समजलो.

त्या जानेवारीत डोकं दुखायला लागलं. डाव्या बाजूला, कानाच्या वर, दिवसरात्र, गोळी घेतली की तासभर कमी. ताप नव्हता. आठवडाभराने डॉक्टरांशी फोनवर बोललो. कामाचा ताण आहे का, झोप होते का, उलट्या होतात का असे प्रश्न झाले आणि शेवटी त्यांनी विचारलं, आणखी काही? मी म्हणालो, काही नाही. कान तेव्हा वाहत होता! पण तो तर तीस वर्षं वाहत होता, तो "आणखी काही" मध्ये येतो असं डोक्यातही आलं नाही. ताणाची डोकेदुखी असं ठरलं. पुढे घरात डॉक्टरांच्या नावाने बरीच आरडाओरड झाली, पण मी स्वतःला त्यातून सोडवू शकत नाही. त्यांनी विचारलं होतं.

त्यानंतरच्या शनिवारी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. दारात उभा राहून मी तीसएक जणांना "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हटलं, एकदाही अडखळलो नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो, "अगं, ते हे संपलं." ती म्हणाली, काय हे? मी हाताने गोल करून दाखवलं. शब्द येईना. जो शब्द दोन मिनिटांपूर्वी तीस वेळा म्हटला, तो!

आता मंडळी, खरं सांगा. आपल्याकडे नवऱ्याने "ते हे कुठंय गं" म्हटलं तर कोणाला आजार वाटतो का? माझे वडील आयुष्यभर "ते हे" आणि "अमुक" या दोन शब्दांवर जगले. त्यामुळे पुढचे चार दिवस मी चहाच्या गाळणीला, मोज्यांना, गाडीच्या किल्लीला, सगळ्यालाच "ते हे" म्हणत होतो आणि घरात कोणालाही काही वाटलं नाही. ऑफिसात इंग्रजीतून "द थिंग" चालून जात होतं. भाषा कुठलीही असो, आळशी माणसाची सोय सगळीकडे केलेली असते. शिवाय त्या चार दिवसांत स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या उघड्या दारावर उजवीकडून तीनदा डोकं आपटलं. तेही धांदरटपणात जमा झालं.

पाचव्या दिवशी रात्री मी बायकोला विचारलं, "ते हे झोपलं का?" तिने विचारलं, कोण? मला माझ्या मुलीचं नाव आठवेना. चेहरा समोर होता, शाळेचं नाव आठवत होतं, तिला सकाळी काय डबा दिला ते आठवत होतं. नाव नाही. बायको दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बूट घाल."

इमर्जन्सीत तिने पहिल्या मिनिटात तिन्ही गोष्टी सांगितल्या: पंधरा दिवस डोकेदुखी, शब्द जाताहेत, आणि याचा डावा कान लहानपणापासून वाहतो. ती अकाउंटंट आहे, डॉक्टर नाही. पण जमाखर्च मांडावा तसं तिने एका कागदावर मांडून आणलं होतं. कान म्हटल्यावर समोरच्या तरुण डॉक्टरणीचा चेहरा बदलला आणि तासाभरात शिरेतून डाय देऊन सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या टेम्पोरल लोबमध्ये, कानाच्या बरोबर वर, सुमारे तीन सेंटिमीटरचं एक वर्तुळ. कडा पांढरी, आत काळं, भोवती सूज. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांची भाषा डाव्या अर्ध्या मेंदूत असते, माझीही तिथेच. नजरेचे काही तंतूही तिथूनच वळसा घालून जातात, म्हणून मला उजवीकडचा वरचा कोपरा दिसत नव्हता. कपाटाच्या दाराचा उलगडा असा झाला.

पण वर्तुळ म्हणजे काय, हे सीटीवरून नक्की सांगता येत नाही. ते गळू असू शकतं, कॅन्सरची गाठही असू शकते. मी भारतातला म्हटल्यावर आणखी दोन शक्यता निघाल्या: टीबीची गाठ आणि पट्टकृमीच्या अळ्या. मी (बायकोच्या मदतीने) सांगितलं की मी शाकाहारी आहे, डुक्कर खाण्याचा प्रश्नच नाही. डॉक्टर म्हणाले, त्याचा उपयोग नाही. मेंदूतला तो आजार मांसातून होत नाही, कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो, आणि ती न धुतलेल्या कोशिंबिरीतूनही जातात. शाकाहाराचा एवढा मोठा अपमान मी प्रथमच ऐकला.

ती रात्र मी विसरणार नाही. एमआरआय पहाटे झाला. त्यात डिफ्यूजन नावाचा एक प्रकार असतो. पाण्याचे कण किती मोकळेपणाने हलतात हे त्यात दिसतं. पू दाट, त्यात पाणी अडकून बसतं, म्हणून तो भाग पांढरा चमकतो. गाठ आतून सडलेली असेल तर तिथलं पाणी पातळ असतं आणि तो भाग सहसा काळा येतो. सकाळी सात वाजता न्यूरोसर्जरीचे रजिस्ट्रार आले आणि म्हणाले, पांढरा आहे, पू आहे. बायको रडायला लागली. त्यांना वाटलं ती घाबरली, म्हणून ते समजूत घालायला लागले. तिला शेवटी सांगावं लागलं की हा आनंद आहे.

मग तिने प्रश्नांची यादी काढली. पाठीतून पाणी का काढत नाही? तिच्या मावसभावाचं पुण्यात मेनिंजायटिस झाल्यावर काढलं होतं. उत्तर असं की मेंदूत वर एवढी सूज असताना खालून पाणी काढलं तर दाबाचा तोल जातो आणि मेंदू खाली सरकून श्वासाचं केंद्र चेपू शकतं. ताप का नाही? तर मेंदूतल्या गळूच्या रुग्णांपैकी जेमतेम निम्म्यांनाच ताप असतो, आणि डोकेदुखी, ताप आणि एखाद्या भागाचं काम बंद पडणं ही पुस्तकातली तिन्ही लक्षणं एकत्र पाचातल्या एखाद्यातच सापडतात. अँटिबायोटिक लगेच का देत नाही? पेशंट स्थिर असेल आणि काही तासांत पू काढणार असू तर आधी नमुना घेतलेला बरा, नाहीतर कुठला जंतू ते कळत नाही. हे तिला पटायला वेळ लागला.

आणि हे आलं कुठून? कानाच्या पडद्यामागे कोलेस्टिएटोमा नावाची कातडीची वाढ होती. नाव गाठीसारखं, पण कॅन्सर नव्हे. पडद्याची कातडी आत ओढली जाऊन तिची पिशवी होते, ती साठत जाते, कुजते आणि शेजारचं हाड हळूहळू खाते. मधल्या कानाचं छप्पर पापुद्र्यासारखं पातळ असतं आणि त्याच्या वर थेट मेंदू. तीस वर्षांत तिथे वाट पडली होती. कानासारखीच सायनस आणि दातांच्या मुळातूनही लागण वर चढते, आणि कवटीला मार लागल्यावर किंवा ऑपरेशननंतरही होते. काहींना ती रक्तातून येते: हृदयाच्या झडपांवरचा संसर्ग, फुप्फुसातलं गळू, किंवा जन्मजात हृदयदोष, ज्यात रक्त फुप्फुसाच्या गाळणीतून न जाता परस्पर मेंदूकडे जातं. बऱ्याच जणांत कारण सापडतच नाही. माझ्यात शोधावं लागलं नाही, वासावरून कळलं असतं.

ऑपरेशन म्हणजे कवटीला छोटं भोक पाडून, संगणकावरच्या स्कॅनच्या नकाशाने सुई नेमकी आत घालून पू ओढून घेणं. अडीच सेंटिमीटरच्या वरचं गळू असेल तर साधारणपणे हे करतातच, नुसत्या औषधावर सोडत नाहीत. बारा मिलिलिटर निघाला. पुढे दोन आठवड्यांनी थोडा परत साठला, तेव्हा पुन्हा एकदा तेच. लॅबमध्ये प्रोटियस आणि हवेशिवाय वाढणारे जंतू सापडले, दोन्ही जुन्या कानातले नेहमीचे पाहुणे.

वॉर्डातल्या नर्स दर तासाला विचारायच्या: नाव, महिना, तुम्ही कुठे आहात? यातून जो आकडा काढतात त्याचं नाव ग्लासगो कोमा स्केल. १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी याच शहरात तो तयार केला आणि आता जगभर वापरतात. माझी पंचाईत अशी की मला सगळं कळत होतं, पण "हॉस्पिटल" हा शब्द येत नव्हता. मी "पलंगांची जागा" म्हणालो आणि एक मार्क गेला. पेन दाखवलं, घड्याळ दाखवलं, दोन्हीला शून्य. एका रात्री निराश होऊन पडलो असताना तोंडातून आपोआप सतराचा पाढा सुरू झाला आणि एकशे सत्तरपर्यंत विनातक्रार गेला. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, पाठ केलेलं आणि शोधून काढायचं बोलणं यांची यंत्रणा वेगळी असते. तिळगुळाचं कोडं तिथे सुटलं. कराडच्या मास्तरांच्या छडीने घातलेलं तेवढं शाबूत होतं.

याच शहरात मॅकइवेन नावाचे सर्जन होते. १८७६ मध्ये त्यांनी एका लहान मुलाच्या लक्षणांवरून, त्यात बोलण्यावर झालेला परिणाम होता, मेंदूत गळू नेमकं कुठे आहे ते सांगितलं आणि ऑपरेशनची परवानगी मागितली. घरच्यांनी दिली नाही. मुलगा गेला. नंतर उघडून पाहिलं तर गळू तिथेच. पुढे १८९३ च्या त्यांच्या ग्रंथात मेंदूतल्या गळूची एकोणीस ऑपरेशनं आहेत, त्यातले अठरा जगले. ना स्कॅन, ना अँटिबायोटिक. हे मी वॉर्डात नाही, नंतर घरी वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या आजारातलं मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांवरून दहाच्या आसपास आलं आहे. दहा हाही लहान आकडा नाही, हे बायकोने मला खूप उशिरा सांगितलं.

त्यानंतर सहा आठवडे शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, जोडीला मेट्रोनिडाझोल. दंडातून एक बारीक नळी आत घालून ठेवतात आणि रोज क्लिनिकमध्ये जाऊन इंजेक्शन घेऊन घरी यायचं. मेट्रोनिडाझोलने तोंडाला लोखंडाची चव, चहाचा घोट घेतला की जुनं नाणं चघळल्यासारखं. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळीने चिडचिड इतकी वाढली की मुलगी विचारायची, "बाबा, आज गोळीचा दिवस आहे का?" वर्षभर गाडी चालवायला बंदी. मे महिन्यात कानाचं ऑपरेशन होऊन ती पिशवी काढली. शब्द हळूहळू आले, भाज्या आणि भांडी आधी मराठीत, ऑफिसातले इंग्रजीत. "गाळणी" सगळ्यात शेवटी आली.

आईला सगळं सांगितलं नव्हतं. पण तिला कळलंच. फोनवर एकदम म्हणाली, "मी तेल घालत होते, त्यानं झालं का रे?" कानाच्या सर्जनना हे मी मुद्दाम विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, पडद्याला भोक असताना तेल घालू नये, पण ही वाढ तेलाने होत नाही. कोणी कधी आत डोकावून पाहिलं नाही, हे खरं कारण. मी आईला फक्त पहिला भाग सांगितला, "नाही गं, तेलानं नाही होत." दुसरा भाग सांगून काय उपयोग होता? तेव्हा आमच्या गावात डोकावून बघणारं तरी कोण होतं? पण त्यानंतरची सतरा वर्षं मी इथे होतो, आणि इथे कान बघायला एक पैसाही पडत नाही.

त्या मित्राला मी हेच सांगितलं: कान वाहतोय आणि वास येतोय तर थेंब मागू नकोस, आत बघायला सांग, आणि पहिल्याच वाक्यात कान सांग. पुढच्या आठवड्यात त्यांची कानाच्या डॉक्टरांची वेळ आहे.

आमच्या घरात आता "ते हे" म्हणायला बंदी आहे. फ्रीजवर डबा ठेवलाय, म्हणणाऱ्याने एक पौंड टाकायचा. गेल्या गुढीपाडव्याला उघडला तर त्रेचाळीस पौंड निघाले. त्यातले एकतीस बायकोचे.

कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर लिहा.

ग्लासगोहून,
तुमचाच एक सभासद