वाजवी झीज

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री आजी चिंच भिजत घालायची. मुलुंड पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत तो आंबूस वास पसरला की मला दिवाळी लागायची. सकाळी समया, निरांजनं, ताम्हन असं सगळं मोरीपाशी यायचं आणि शेवटी आजी देवघरातल्या डबीतून राणीछाप रुपया काढायची. चिंचेचा कोळ, वर चिमूटभर रांगोळी, आणि तिचा अंगठा. राणीच्या गालावरून तो अंगठा गोल गोल फिरायचा. पुढे तिचा हात दुखायला लागला तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मीही जीव लावून घासलं. रुपया आरशासारखा लखलखला की आजी म्हणायची, "आता कशी लक्ष्मी दिसते!"

हा रुपया तिच्या सासूबाईंनी तिच्या ओटीत घातलेला. साल १८९३.

इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा सामानाच्या आवराआवरीत ती डबी माझ्याकडे आली. त्यात रुपयाबरोबर तांब्याच्या दोन शिवरायाही निघाल्या. या नाण्यांचं नेमकं काय मोल, हे कळावं म्हणून घाटकोपरला एका सराफाकडे गेले. त्यांनी रुपया काट्यावर टाकला, दोन बोटांत फिरवला आणि परत दिला. "घासलेला आहे, ताई. चांदीचा भाव येईल." बोलणं सरळ होतं, तरी 'घासलेला' हा शब्द घरी येईपर्यंत मनात टोचत राहिला. झिजलेला म्हणाले असते तर इतकं लागलं नसतं.

आमच्याच इमारतीतले एक काका चाळीस वर्षं नाणी जमवतात. त्यांच्याकडे गेले. त्यांनी टेबलावर मऊ कापड पसरलं, दिवा जवळ ओढला आणि आधी माझा हात धरून शिकवलं, "नाणं कडेनं धरायचं. तोंडावर बोट नाही."

मग भिंग दिलं. "काय दिसतं ते सांग. आधी जे उंच आहे ते बघ." नाणं सगळ्यात आधी उंचवट्यावर झिजतं. राणीचा गाल, कानावरचे केस, मुकुटाची कड, पोशाखावरची वेलबुट्टी. गाल सपाट झाला होता, केसांच्या बटा एकमेकींत मिसळल्या होत्या, पण वेलबुट्टीतली फुलं अजून वेगळी ओळखता येत होती. मागच्या बाजूला सालाखाली, पानाफुलांत, बारीकसा 'बी' दिसला. म्हणजे मुंबईच्या टांकसाळीचा. फोर्टातली ती टांकसाळ १८२९ मध्ये बांधून पुरी झाली आणि आजही तिथेच उभी आहे. मी इतकी वर्षं त्या रस्त्यानं गेले, पण आमच्या देवघरातली लक्ष्मी तिथं जन्मली हे मला ठाऊक नव्हतं.

काकांना १८९३ हे साल आवडलं. तोवर कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी रीत होती. त्या जूनमध्ये सरकारनं ती बंद केली. रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांतले अकरा भाग चांदी. म्हणूनच जुन्या बायका काढ्याची औषधं 'रुपयाभार' मोजून घेत. आमचा रुपया काकांच्या काट्यावर ११.४ भरला. पाव ग्रॅम चांदी कुठं कुठं सांडली असेल! बाजारात, कनवटीला, वाण्याच्या गल्ल्यात आणि आमच्या मोरीत.

"आता दिव्याखाली हळूहळू कलता कर," काका म्हणाले. त्यांनी आधी स्वतःकडचं, कधीच न वापरलेलं एक नाणं कलतं केलं. त्यावर उजेडाची पाती फिरली, चाकाच्या आऱ्यांसारखी. छाप बसताना धातू केंद्राकडून कडेकडे सरकतो, त्यामुळे ही झळाळी येते. आमचा रुपया कलता केला तर तो सगळीकडून सारखाच चमकला. भिंगाखाली गालावर केसांसारख्या बारीक रेघा दिसल्या, सगळ्या गोलाकार. त्या रेघा बघताक्षणी ओळखल्या मी. आजीचा अंगठा असाच फिरायचा. त्यातल्या काही माझ्या.

प्रतीच्या पायऱ्या असतात. फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रिमली फाइन, आणि व्यवहारात न आलेलं नाणं तर त्याहून वर. विल्यम शेल्डन या अमेरिकी माणसानं १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० असे आकडे ठरवले, तेच पुढे जगभर रुळले. काकांनी आमच्या रुपयाला झिजेवरून 'व्हेरी फाइन' म्हटलं. पण घासलेल्या नाण्याला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आकडा देतच नाहीत, नुसता 'डीटेल्स' असा शेरा मारतात. झीज चालते, घासणं चालत नाही. १९०६ च्या नाणे कायद्यातही हा भेद होता. वापरानं झालेली वाजवी झीज वेगळी, इतर कारणानं झालेली घट वेगळी. मला तो निवाडा पटला. रोजच्या हातांनी नाण्यावर जे लिहिलं ते वाचता येतं, आणि घासणं ते लिहिलेलं पुसून टाकतं. आजीनं ते लक्ष्मीच्या मायेनं पुसलं, पण पुसलं हे खरं.

शिवरायांचं मात्र नवलच. एकीवर 'श्री राजा' एवढंच, 'शिव' नाही. मी म्हटलं, झिजून गेलं असेल. काका हसले. ठसा मोठा, चकती लहान, घाव हातानं घातलेला, त्यामुळे अक्षरांचा जेवढा भाग चकतीवर आला तेवढाच उमटला. ती अक्षरं तिथं कधी नव्हतीच. जी उमटली ती तीनशे वर्षांनंतरही बोटाला लागतात. त्यांच्यावरचा गडद तपकिरी थर अंगचाच आहे. तो खरवडला तर खाली लालभडक, उघडं तांबं निघतं आणि नाणं कायमचं बिघडतं. चिंचेच्या तावडीतून शिवराया वाचल्या, कारण आजी त्यांना 'काळे पैसे' म्हणून पूजेत ठेवतच नसे.

तुमच्याही घरात असा एखादा रुपया असेल, तर यंदा चिंच, लिंबू, पावडर समयांना लावा, रुपयाला नको. नाणं कडेनं धरा. मऊ, चिकट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, त्यानं हिरवट ओल धरते. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा आणि मुंबईच्या पावसाळ्यात ते पाकीट अधूनमधून बदला. काळपट रंग आला तर येऊ द्या.

आमच्या रुपयाच्या गालावर आता फिकट सोनेरी छटा धरू लागली आहे. पूजेला तो विड्याच्या पानावर ठेवते आणि हळदकुंकू पानाला लावते.