आवाजाचा पहिला मुक्काम

कुणी कितीही जीव ओतून गायलं, तरी मायक्रोफोनच्या तारेतून निघणारा विद्युतसंकेत अगदी क्षीण असतो. ‘शुअर एसएम७बी’ हा नावाजलेला डायनॅमिक माइक ९४ डेसिबलच्या खणखणीत आवाजालाही जेमतेम १.१२ मिलिव्होल्ट देतो. स्टुडिओतल्या पुढच्या यंत्रांना सव्वा व्होल्टच्या आसपासचा संकेत लागतो. मधलं अंतर हजारपटीचं, म्हणजे ६० डेसिबलचं. ते पार करून देतो प्रीअ‍ॅम्प.

हजारपट वाढवायचं, तर नको ते सगळंही हजारपट वाढतं. कोणत्याही तारेत, रोधात, गुंडाळीत इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत थरथरत असतात. त्या थरथरीचा आवाज बेल लॅबमधल्या जॉन्सन यांनी मोजला, नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं आणि १९२८ साली दोघांचे लेख प्रसिद्ध झाले. खोलीच्या तापमानाला १५० ओहमच्या रोधातून ऐकण्याच्या पट्ट्यात साधारण −१३१ डीबीयूची ही खरखर येते. कितीही पैसे मोजा, त्याहून शांत माइक-इनपुट खोलीच्या तापमानाला मिळत नाही. आणि आज टेबलावर मावणाऱ्या कितीतरी साध्या इंटरफेसचे प्रीअ‍ॅम्प −१२८च्या आसपास पोचले आहेत. शांततेच्या शर्यतीत आता दोन-तीन डेसिबलच उरले आहेत.

हे दोन-तीन डेसिबल कुणाला लागतात? ज्याने रिबन माइक हातभर अंतरावर ठेवून तंबोरा मुद्रित करायला घेतला आहे, त्याला. जवारी अंगभर घुमते, पण मोठ्याने बोलत नाही. रिबन माइकही मुळात मितभाषी. तिथे गेन पुरता वर न्यावा लागतो आणि स्वस्त प्रीअ‍ॅम्प शेवटच्या टप्प्यात फसफसू लागतो. त्याच जागी ‘नॉयमान यू८७ एआय’ लावला, तर ९४ डेसिबलला एसएम७बीच्या १.१२ ऐवजी २८ मिलिव्होल्ट मिळतात, पंचवीसपट! मग प्रीअ‍ॅम्पची खरखर हा प्रश्नच राहत नाही. म्हणून आधी माइक आणि वाद्य ठरवावं, प्रीअ‍ॅम्प त्यानंतर. दुकानात मात्र बहुतेक वेळा नावापासून सुरुवात होते.

त्या नावांत पहिलं असतं नीव्ह. रूपर्ट नीव्ह यांच्या कंपनीने १९७० साली लंडनच्या वेसेक्स स्टुडिओच्या मिक्सिंग डेस्कसाठी १०७३ हे मोड्यूल बनवलं. आवाज आत येताना ट्रान्सफॉर्मर, बाहेर जाताना पुन्हा ट्रान्सफॉर्मर. आवाज जोराचा आणि खालच्या पट्टीतला असला, की लोखंडी गाभा थोडा थोडा संपृक्त होतो आणि मूळ सुराला नसलेले स्वरांश त्याला चिकटतात. मोजमापाच्या भाषेत ही विकृतीच. कानाला मात्र आवाज भरीव झाल्यासारखा वाटतो, विशेषतः गळ्याचा आणि बासचा. याच्या नेमक्या उलट बाजूला ‘मिलेनिया’ आणि ‘ग्रेस’ यांचे प्रीअ‍ॅम्प आहेत. वाद्यवृंद मुद्रित करणारे त्यांच्याकडे वळतात, कारण ते स्वतःचं काही मिसळत नाहीत. या दोन बाजूंत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवत बसण्यात काही हशील नाही.

पण प्रीअ‍ॅम्प एवढ्यावर थांबत नाही, हे ‘बीटल्स’च्या शेवटच्या दोन वर्षांत दिसतं. लंडनच्या अ‍ॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत तेव्हा व्हॉल्व्हवर चालणारा ‘रेड ५१’ डेस्क होता. जुलै १९६८मध्ये ‘रेव्होल्यूशन’ची गिटार त्यांचे ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी अ‍ॅम्प्लिफायरला फाटा देऊन थेट डेस्कमध्ये घातली आणि एकामागे एक जोडलेले दोन प्रीअ‍ॅम्प मुद्दाम त्यांच्या मर्यादेपलीकडे ढकलले. स्टुडिओचे नियम पाहता ही सरळसरळ आगळीक होती. त्यातून जी फाटकी, करवतीसारखी गिटार निघाली, ती आजही अंगावर येते.

त्याच वर्षाच्या अखेरीस ट्रान्झिस्टरचा नवा ‘टीजी१२३४५’ डेस्क आला. आठच्या जागी चोवीस माइक घेणारा, प्रत्येक चॅनेलवर कॉम्प्रेसरची सोय असलेला. १९६९ साली ‘अ‍ॅबी रोड’ अल्बम त्यावर झाला, तेव्हा एमेरिक खट्टू झाले. ड्रमचा जुना ठोसा काही केल्या मिळेना. त्यांच्या आठवणींत यापुढची गोष्ट फार मोलाची आहे. टेपवरून परत ऐकू येणारा ताल मवाळ झाला होता, म्हणून त्यावर जे गायलं-वाजवलं गेलं, तेही मवाळ झालं. म्हणजे प्रीअ‍ॅम्पचा रंग कलाकाराच्या कानात शिरला होता आणि तिथून बोटांत, गळ्यात उतरला होता.

दोन प्रीअ‍ॅम्प तोलताना बहुतेक जण एकच टेक शेजारी शेजारी ठेवून ऐकतात. ते करावंच, आणि दोन्हींची पातळी मीटरवर काटेकोर जुळवूनच करावं, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. पण मग एकेक प्रीअ‍ॅम्प गायिकेच्या हेडफोनमध्येही द्यावा, त्याचं नाव न सांगता, आणि तिला तेच कडवं दोनदा गायला सांगावं. कोणत्या वेळी तिने माइकपासून मागे सरून मोकळा आवाज लावला, हे कुठल्याच तांत्रिक तक्त्यात मिळणार नाही.