गंज

रात्री साडेअकराला केबिनमधला फोन वाजतो. ब्रिजवरचा खलाशी एवढंच म्हणतो, "सेकंड साब, साडेअकरा." मी हुंकार देतो आणि पाय खाली टेकवण्याआधी बोट किती डोलतेय ते अंगानेच जोखतो. सेकंड मेटची पाळी बारा ते चार, दुपारी आणि मध्यरात्रीही. अठरा वर्षं ही झोपमोड चालू आहे.

ब्रिजवर काळोख असतो, मुद्दाम राखलेला. डोळे त्याला सरावल्याशिवाय पाळी हातात घ्यायची नाही, हा दंडक. मग चार तास रडार, समोरची काच आणि काचेपलीकडे क्वचित एखाद्या मच्छीमार होडीचा दिवा. दर काही मिनिटांनी एक बटण दाबायचं. पहाऱ्यावरचा माणूस जागा आहे, याची ती खूण. दाबायचं राहिलं तर आधी इथे घंटा होते, मग कप्तानाच्या केबिनमध्ये.

गावी आलो की लोक समुद्राबद्दल विचारतात. पण बोटीवरच्या माणसाच्या वाट्याला समुद्रापेक्षा लोखंडच जास्त येतं. सव्वादोनशे मीटर लांब, बत्तीस मीटर रुंद बोट; पोटात सात होल्ड, त्यांत सत्तर हजार टन माल आणि त्या सगळ्याची उस्तवार करायला आम्ही बावीस जण. सकाळी आठला डेकवर ठकठक सुरू होते. चिपिंगच्या हातोडीने गंजाचे पापुद्रे उडवायचे, तारेच्या ब्रशने घासायचं, खारटपणा जाईपर्यंत गोड्या पाण्याने धुवायचं, सुकलं की प्रायमर, त्यावर रंग. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, निघालेली माणसं कित्येक आठवड्यांनी मागच्या डेकवर पोचतात, तोवर नाळेवर पुन्हा तांबूस ठिपके उमटलेले असतात. खाऱ्या वाऱ्याला सुट्टी नसते.

आमचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, दापोलीकडचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, कप्तानसुद्धा. त्यांचे वडील वाफेच्या बोटीवर आगवाला होते, भट्टीत कोळसा टाकायचे. आगवाला हा शब्द त्या बोटींबरोबर गेला, सारंग तेवढा उरला. चाचा पत्र्यावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून सांगायचे, आत किती खाल्लंय. मी नकाशे शिकलो ते पुस्तकांतून. बोट शिकलो ती त्यांच्याकडून.

एका वर्षी आम्ही दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बे इथून कोळसा भरला होता. तो उतरवून ब्राझीलमधल्या सांतोसला सोयाबीन घ्यायला निघालो. आधी कोळसा, नंतर खायचं धान्य! एकेक होल्ड पाच मजली इमारत मावेल एवढा. पंपाच्या झोताने भिंती धुवायच्या, शिडीवर लटकून तुळयांच्या फटींतली काळी भुकटी खरवडायची. बंदरात सर्व्हेयर आत उतरतो आणि भिंतीवर हात फिरवतो. हाताला काळं लागलं की होल्ड नापास. मग सगळं पुन्हा धुवायचं, आणि थांबलेल्या प्रत्येक तासाचा हिशेब कुणीतरी डॉलरमध्ये मांडत बसलेला असतो. आमचे सातही होल्ड पहिल्या खेपेस पास झाले. सांतोसला पावसाची सर आली की सोयाबीन भरणं थांबतं, धावत जाऊन होल्डची झाकणं बंद करावी लागतात. तसं त्या मुक्कामात कितीदा केलं, मोजलं नाही.

सांतोसहून चीन पस्तीस-चाळीस दिवस. पूर्वेकडे जाताना घड्याळ पुढे सरकवावं लागतं, या वाटेवर एकूण अकरा तास. दर वेळी एक तास चोरीला जातो. तिन्ही पाळ्या तो वीस-वीस मिनिटं वाटून घेतात. नियम सांगतो, चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती. कागदावर ते दहा तास नेहमी पुरे भरतात.

कागदाचं हे दुखणं मला त्याच फेरीत नीट कळलं. नाळेखाली नांगराच्या साखळीची कोठी असते. अंधारी, ओली, कित्येक आठवडे बंद. तिथे काम निघालं होतं. उतरण्याआधी आतली हवा तपासायची असते आणि ती तपासल्याची खूण फॉर्मवर सकाळीच झाली होती. एका नव्या पोराच्या हातून पाना आत पडला. वीस वर्षांचा, पहिलीच बोट. पाना काढायला त्याने एक पाय शिडीवर टाकला. चाचांनी मागून त्याची कॉलर धरून त्याला असं ओढलं की तो डेकवर उताणा पडला. मग दोरीला बांधून मीटर खाली सोडला. आपण घेतो त्या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो. मीटरवर नऊ होता. एवढ्या हवेत माणसाला ओरडायचंही सुचत नाही, काही मिनिटांत शुद्ध हरपते.

"बंद जागेत गंज हवा खातो, साब," चाचा म्हणाले. तोच गंज, ज्याच्यावर आम्ही वर्षभर हातोड्या मारत होतो. लोखंड गंजतं ते हवेतला ऑक्सिजन शोषून, हे मी शाळेत शिकलो होतो. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. लाकूड, कोळसा, धान्य, भंगार भरलेल्या होल्डमध्येही हेच होतं. त्या अंधारात वास नाही, धूर नाही, काहीच नाही. पहिला पडलेला दिसला की दुसरा त्याला काढायला धावतो; आणि अशा कोठ्यांत मेलेल्यांमध्ये वाचवायला उतरलेले बरेच असतात.

ज्याने फॉर्मवर ती खूण केली तो दुष्ट नव्हता. तो सलग सोळा तास जागा होता. माझा राग त्याच्यावर नाही. कमी माणसं आणि जास्त फॉर्म, ही जी रीत पडली आहे तिच्यावर आहे.

त्या रात्री बाराला मी ब्रिजवर गेलो तेव्हा तो पोरगा माझ्याबरोबर पहाऱ्याला होता. आम्ही फारसं बोललो नाही. दोनच्या सुमारास त्याने चहा करून आणला. कप देताना त्याचा हात कापत होता.

चाचा आता दापोलीला घरी असतात. कोकणातली पोरं आजही बोटीवर जातात, जातील. हे वाचणाऱ्यांत कुणाचा मुलगा, भाचा, शेजारी पहिल्या बोटीला निघाला असेल, तर बॅग भरताना त्याला एवढं नक्की सांगा: बंद कोठीत मीटर सोडल्याशिवाय पाय टाकू नकोस. फॉर्मवर खूण असली तरी नाही. आत आपला माणूस पडलेला दिसला तरी नाही. आधी हाक दे.