दुखण्याची वही

सालवडला औषधाचं अप्रूप कुणाला नाही. तारापूर एमआयडीसी आमच्या दारात. वारा फिरला की आज कसला वास येतोय, यावर गावात चर्चा होते. बाबांनी तिथल्याच एका कारखान्यात बावीस वर्षं लोडिंग केलं. पंचवीस-पंचवीस किलोचे ड्रम, आत पांढरी पूड. ती कशावरची, हे उचलणाऱ्याला कोण सांगतंय!

मग कंबर गेली. मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेली होती. मुंबईला ऑपरेशन झालं, नंतरच्या फोटोत सगळं ठीक दिसलं. पण कंबर दुखायची थांबली नाही आणि डाव्या पायातली आगही गेली नाही. रात्री दोन वाजता बाबा थंड लादीवर पाय टेकवून बसलेले असायचे. ऑपरेशन फसलं, असं गाव म्हणायचं. बोईसरच्या डॉक्टरांनी मात्र वेगळं सांगितलं. शीर फार दिवस दाबलेली राहिली, की दाब काढल्यावरही ती दुखण्याचे निरोप धाडत राहू शकते. बाबांना ते लगेच पटलं. म्हणाले, "म्हणजे आग विझली, पण कंपनीचा भोंगा चालूच."

तोवर दुखलं की दुकानातून डायक्लोफेनॅक आणायचं आणि खायचं, असं चाललं होतं. डॉक्टरांनी आधी ते बंद केलं. मूत्रपिंडासाठी रक्त तपासलं आणि प्रीगाबालिन लिहून दिलं, रात्री ७५ मिलिग्रॅमची एक कॅप्सूल. हे औषध फिट्सवरही देतात. शिरांमधले जादा संदेश ते कमी करतं. पण हमी त्यांनी दिली नाही, आणि मला हा माणूस आवडला तो त्यामुळेच. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचा निकाल आला होता. सायटिकाचे २०९ रुग्ण, साधारण निम्म्यांना हे औषध, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची कॅप्सूल. आठ आठवड्यांनी पायाच्या दुखण्यात म्हणावा असा फरक नव्हता. चक्कर मात्र औषधवाल्यांना जास्त. "तुमचं दुखणं जुनं, ऑपरेशननंतरचं. सहा आठवडे घेऊन बघू, नाहीतर सोडू. वही ठेवा," डॉक्टर म्हणाले.

वहीत रोज शून्य ते दहामधला आकडा लिहायचा होता. बाबांनी आठवडाभर सातच लिहिले.

"शून्य म्हणजे काय रे?"

"काहीच दुखत नाही."

"ते मेल्यावर."

मग वही आईने घेतली. चौथी शिकलेली बाई, पण आकड्याच्या नादी लागली नाही. रात्री किती वेळा उठले, विहिरीपर्यंत गेले की बांधापर्यंत, जेवताना किती वेळ बसले, एवढंच लिहायची. दुसरा आठवडा: 'दिवसभर झोप. पायरीवर तोल गेला.' चौथा: 'एकदाच उठले.' सहावा: 'बांधापर्यंत. येताना दोनदा थांबले.' कंबर होती तशीच होती. कमी झाली ती पायाची आग.

आवणीच्या तोंडावर बाबा हटून बसले. आता बरा आहे, औषध नको. डॉक्टरांनी एकदम तोडू दिलं नाही, हळूहळू कमी करत थांबवलं. थांबल्यावर आठवड्याच्या आत आईचं अक्षर: 'तीनदा उठले. पाय लादीवर.' पुन्हा सुरू केलं, पुन्हा रात्री शांत झाल्या.

मी आईला म्हटलं, याला पुरावा म्हणत नाहीत. कधी घेतोय आणि कधी नाही, हे बाबांना माहीत होतं. मनाचाही खेळ असू शकतो.

"असेल," ती म्हणाली. "पण रात्रभर झोपतायत ना? मीपण झोपते."

यावर मी काय बोलणार!

आवणीला बाबा चिखलात उतरले नाहीत. बांधावर खुर्ची टाकून बसले आणि सगळ्यांच्या रांगा वाकड्या ठरवल्या. वहीत आता आणखी एक रकाना आहे, पाय सुजले का. या औषधाने सूज येऊ शकते. गेल्या दोन सोमवारी आईने 'थोडे' लिहिलंय. येत्या शुक्रवारी वही घेऊन बोईसरला जायचं आहे.