थिबा राजवाड्याचा दरवान

चि. ताईस,


तुझं पत्र पोचलं. इंग्रज उमरावांच्या मालिका पाहून तसाच चार पिढ्यांचा वाडा मराठीत उभा करायचा तुझा बेत आहे. वर मालक, खाली नोकरमाणसं, मध्ये जिना. बेत चांगला आहे, पण तो जिना जसाच्या तसा उचलू नकोस. त्या कथांत घराणं असतं ते फक्त मालकाला. नोकर वाड्यातच निजतो, बहुधा बिनलग्नाचा राहतो, आणि त्याचा आईबाप, त्याचं गाव सुट्टीच्या दिवसापुरतं कथेत येतं. ‘डाउन्टन ॲबी’तली धाकटी मुलगी घरच्या शोफरशी लग्न करते तेव्हा केवढा गहजब होतो! पण पुढे तोच शोफर इस्टेटीचा कारभारी होतो आणि जेवणाच्या टेबलाशी बसतो. वाडा त्याला पोटात घेतो आणि प्रेक्षकाचं समाधान होतं. पण या समाधानाची किंमत ही, की नोकराला वाड्याबाहेरचा वंश उरत नाही.

आता रत्नागिरीकडे बघ. तीच गोष्ट इथे प्रत्यक्ष घडली आणि नेमकी उलटी घडली. 1885च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला मंडालेतून उचललं आणि मद्रासमार्गे 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं. भाट्याच्या खाडीवरचा, अर्धवर्तुळाकार नक्षीदार खिडक्यांचा राजवाडा त्याला मिळाला तो 1910 साली, म्हणजे पाव शतक उलटल्यावर. त्याआधीच थोरली राजकन्या दरवानात, गोपाळ सावंतात, गुंतली होती. गोपाळ विवाहित होता. 1906 साली राजकन्येला मुलगी झाली, तिचं नाव टुटू. पुढे 1916 साली राजा इथेच वारला आणि 1919 साली राणी मुलींना घेऊन ब्रह्मदेशी परतली. थोरली मात्र टुटूला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि 1947 साली इथेच गेली. टुटूनं मराठी माणसाशी संसार केला आणि मराठी बोलत, गरिबीत, थेट 2000 सालापर्यंत जगली. राजघराण्याची रत्नागिरीतली शाखा वाढली ती या घरात. राजवाड्यात मग सरकारी कचेऱ्या आल्या, आता तिथे संग्रहालय आहे.

मग घराण्याची कादंबरी कोणाच्या उंबऱ्यापासून सुरू करशील? मला विचारशील तर दरवानाच्या. गोपाळ वाड्याचा माणूस नव्हता, वाड्यावर नोकरीला होता, आणि या दोन्हींत फार अंतर आहे. त्याला बायको होती, घर होतं. कोकणातला गडी म्हटला की त्याच्यामागे भावकी येते, शिमग्याचा मान येतो, सामायिक जमिनीतला वाद येतो. त्या काळी या जिल्ह्यातले पुरुष बोटीनं मुंबईला जाऊन गिरणीत लागत आणि घर मनिऑर्डरीवर चाले. अशा मुलखात घराजवळ महिन्याच्या महिन्याला रोख पगार देणारी जागा म्हणजे काय, हे तुझ्या पहिल्या प्रकरणात दिसायला हवं. इंग्रज बटलरला मालकाचं प्रशस्तिपत्र नसेल तर दुसरीकडे दार उघडत नसे. कोकणच्या माणसाला मुंबई होती. तो राहिला तर का राहिला, हा खरा प्रश्न आहे.

शिवाय इथला मालक तरी कुठे मालक होता! राजाला सरकारी तनखा, वर देखरेखीला पोलीस अंमलदार. पैसा पुरेना म्हणून माणकं विकायची आणि वाढीव रकमेसाठी अर्ज करायचे. दरवान जसा पगाराची वाट पाही, तशीच राजाही. आणि हा राजा ज्यांच्या हुकमानं इथे आला ते कोण? व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन. ब्रह्मदेश खालसा केल्यावर, 1888 साली, त्यांना बढतीची सरदारकी मिळाली ती ‘मार्क्विस ऑफ डफरिन अँड आवा’ अशी. आवा म्हणजे ब्रह्मी राजांची जुनी राजधानी. तुला आवडणाऱ्या वाड्यांतल्या एका पदवीत थिबाच्या पूर्वजांची राजधानी अशी जाऊन बसली आहे. म्हणून ते वाडे आणि आपला राजवाडा मला वेगळे दिसत नाहीत.

तू म्हणशील, अमिताव घोष यांनी हे ‘द ग्लास पॅलेस’मध्ये लिहून ठेवलंय. लिहिलंय, आणि उत्तम लिहिलंय. पण त्यांची कथा राणीच्या दासीबरोबर बोटीत बसून ब्रह्मदेश, मलायाकडे जाते, त्यांच्याकडे गाडीवान झालेला सावंत मागे राहतो. तो मागे राहिला तिथून पुढे लिहायला मराठी माणूस हवा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गोपाळच्या मनातलं सांगणारा कागद कुठला आणायचा? सरकारी दप्तरात राजाचा खर्च सापडेल, दरवानाची बाजू नाही. मान्य. कादंबरीकारानं ती जागा कल्पनेनं भरावी, त्यात गैर काही नाही. मात्र मग नावं बदल, कारण ही माणसं होऊन गेली आहेत आणि कल्पनेतलं वागणं त्यांच्या माथी मारायचा हक्क आपल्याला नाही. आणि कल्पना करशील ती फक्त प्रेमाची नको. गोपाळच्या बायकोची आधी कर. राजकन्येची सवत होणं तिच्या चुलीपर्यंत कसं पोचलं असेल, हे इंग्रजी मालिकांत कुठे सापडणार नाही, पण तुझी कादंबरी उभी राहील ती त्याच प्रकरणावर. ते आधी लिही आणि मला धाड.

तुझा,
काका