चिकटलेली तबकडी

रत्नागिरीला काकांच्या छापखान्यात १९८९ साली कॉम्प्युटर आला. त्यात २० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. आज मोबाइलवरचे चार-पाच फोटो तिच्यात जेमतेम मावतील. चालू केली की आधी घरघर, मग स्टेपर मोटरची टकटक. काका एकवेळ देवापुढे दिवा लावायचे विसरतील, पण बंद करण्याआधी ‘पार्क’ कमांड द्यायला विसरायचे नाहीत. त्या कमांडने वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीवरच्या रिकाम्या जागी जाऊन बसायचं.

पावसाळ्यात मात्र पार्क करूनही डिस्क अडायची. अशा डिस्कमध्ये तबकडी फिरताना हेड तिच्यापासून मायक्रॉनहूनही कमी उंचीवर तरंगायचं, ती थांबली की तिच्यावरच टेकायचं. दोन्ही पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत, त्यावर वंगणाचा पातळ थर, वर कोकणातली दमट हवा. चिकटलेलं हेड सोडवण्याइतका जोर तबकडी फिरवणाऱ्या मोटरमध्ये नसे. मग काका डिस्क तळहातावर आडवी धरून वीज सुरू करायचे आणि मनगटाला एक झटका द्यायचे. आपटायचे नाहीत. तबकडीच्याच पातळीत, गर्रकन. “धीर धर रे, फिरेल,” हे डिस्कला की मला, कोण जाणे.

पुढे नोकरीत हजारो मेगाबाइट आले आणि तो आवाज विसरला गेला. निवृत्तीनंतर जुन्या डिस्का जमवायचा नाद लागला, तेव्हा नवीनच दुखणं भेटलं. नव्वदीतल्या काही डिस्कमध्ये हेडचा दांडा अडवायला रबराचा ठोकळा असतो. वर्षानुवर्षांनी त्या रबराची काकवी होते आणि दांडा तिथेच रुततो. झाकण उघडून, तबकडी फिरत असताना दांड्याला मागून हलकेच ढकलायचं आणि तो सुटला की रबरावर पातळ टेप चढवायची. थांबलेल्या तबकडीवरून हेड ओढलं तर ओरखडा उठतो आणि मजकूर गेलाच. सूक्ष्म धूळही वाईटच, पण त्या पिढीच्या डिस्का थोडा वेळ सोसतात. आजच्या डिस्कवर हा प्रयोग करू नये. तिथे हेड आणि तबकडीतलं अंतर नॅनोमीटरमध्ये मोजतात.

काकांची डिस्कही मी चालू केली. ती वाचायला तिचं जुनं कंट्रोलर कार्डच लागलं, नशिबाने ते जपलेलं होतं. आत लग्नपत्रिकांचे मसुदे आणि उधारीची यादी निघाली. यादीतली निम्मी उधारी वसूल झाली नसावी.

पण झटका काय, टेप काय, हे इलाज तात्पुरतेच. तुमच्या माळ्यावर अशी डिस्क असेल तर ती फिरली की कौतुक नंतर करा, आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. पुन्हा ती फिरेलच असं नाही.