स्टेशनपासून दहा मिनिटे

डोंबिवली हे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 48 किलोमीटरवरचे स्थानक. एका बाजूला कोपर, दुसऱ्या बाजूला ठाकुर्ली. स्थानक हा शब्द पाटीवरचा. गावात त्याला स्टेशनच म्हणतात आणि गावातले प्रत्येक अंतर तिथूनच मोजतात. जागांच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ असे हमखास असते. ती दहा मिनिटे नेमकी कोणाच्या पायांची, हे ताबा मिळाल्यावर कळते.

बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. वाटेतली डोंबिवली तेव्हा खाडीकाठचे, भातशेतीचे खेडे होती. पुढे विजेच्या गाड्या आल्या, शेजारी ठाकुर्लीला रेल्वेने स्वतःचे वीजघर उभारले. पण गावाचे शहर झाले ते मुंबईतल्या जागेच्या टंचाईमुळे. गिरगाव-दादरच्या चाळीत मावेनाशी झालेली मराठी कुटुंबे दोन खोल्यांच्या ब्लॉकसाठी इकडे सरकली. नोकरी तिकडेच राहिली. साठच्या दशकात एमआयडीसीचे कारखाने आले, तरी सकाळचा लोंढा मुंबईकडेच वाहत राहिला.

या लोंढ्याचे वेळापत्रक घराघरांत पाठ असते. लोकलला नाव नसते, वेळ असते: ‘आपली आठ-दहाची’. त्या वेळेवरून मागे हिशेब करत दूध तापते, कुकरच्या शिट्ट्या होतात, डबा भरला जातो. इंडिकेटरवर एन म्हणजे कसारा आणि एस म्हणजे कर्जत. त्या गाड्या डोंबिवलीत येतात तेव्हा आधीच भरलेल्या असतात आणि बदलापूर-टिटवाळ्याकडची मंडळी दारातून डोंबिवलीकरांकडे फारशा प्रेमाने पाहत नाहीत. म्हणून इथूनच सुटणाऱ्या डोंबिवली लोकलला मान मोठा. ती फलाटाला लागण्याआधीचे दोन क्षण पाहण्यासारखे असतात. गप्पा थांबतात. पाठीवरच्या सॅक पोटावर येतात, चपलेचा अंगठा घट्ट होतो. डब्याचे दार फलाटाच्या कोणत्या खांबासमोर येणार, हे रोजच्या माणसाला ठाऊक असते. गाडी पुरती थांबायच्या आत माणसे आत गेलेली असतात, खिडक्या संपलेल्या असतात, आणि मागून आलेला ‘जरा सरका’ म्हणत चौथ्या सीटवर अर्धा टेकतो. काही जण त्याहून हुशार: ते आधी उलटे कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. बसायला मिळावे म्हणून विरुद्ध दिशेला प्रवास करणे, हे उपनगरी शहाणपण बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही.

आत शिरल्यावर डबा हे एक छोटे गाव होते. कुठे टाळ निघतात आणि भजन सुरू होते, कुठे पत्त्यांचा डाव पडतो. दसऱ्याच्या सुमारास डब्याला तोरण बांधून पूजा होते. संध्याकाळी बायकांच्या डब्यात मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडली जाते. दिवा स्टेशनच्या आसपास पाने एका पिशवीत आणि देठ दुसऱ्या पिशवीत गेलेले असतात. हे कौतुकाने सांगितले जाते, पण त्या मेथीमागे घरी गेल्यावर वेळच उरत नाही, हे सांगायचे राहून जाते. दारात लटकण्याच्या शौर्यकथांचेही तसेच. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले, काही दगावले. त्यात शौर्य नव्हते, आत जागा नव्हती.

रुळांनी गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत आणि पुलावाचून एकाचे दुसऱ्याला चालत नाही. कोपर उड्डाणपूल धोकादायक म्हणून 2019 मध्ये बंद झाला आणि नवा बांधून 2021 मध्ये खुला झाला. मधली दोन वर्षे वाहने ठाकुर्लीच्या पुलावरून वळसा घालत राहिली. पूर्वेला स्टेशनबाहेर पडले की थोड्याच अंतरावर फडके रोड आणि त्याच्या टोकाला गणेश मंदिर. दिवाळीच्या पहाटे हा रस्ता नव्या कपड्यांतल्या तरुणाईने फुलतो. गुढीपाडव्याची शोभायात्रा 1999 मध्ये या मंदिराच्या पुढाकाराने सुरू झाली आणि तिचे अनुकरण महाराष्ट्रभर झाले. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांचे हे गाव, 2017 च्या साहित्य संमेलनाचे यजमान. बाहेरच्यांना मात्र डोंबिवली म्हटले की निशिकांत कामत यांचा 2005 मधला ‘डोंबिवली फास्ट’ आठवतो, म्हणजे पुन्हा गाडीच.

संध्याकाळी सातनंतर स्टेशनबाहेरचा बाजार उतरणाऱ्या माणसांच्या चालीवर चालतो. सोललेले मटार, खवलेला नारळ, गजरे आणि मोबाइलची कव्हरे, सारे जिन्याच्या तोंडाशीच हवे, कारण घराकडे वळलेला माणूस दहा पावलेही आडवाटेला जात नाही. पोळी-भाजी केंद्रे याच हिशेबाने उभी राहिली: ऑफिसातून येताना गरम पोळ्या पिशवीत टाकायच्या आणि घरी फक्त कुकर लावायचा. कित्येक बायकांच्या संसाराला या केंद्रांनी हातभार लावला, पोळ्या विकत घेणाऱ्यांच्या आणि लाटणाऱ्यांच्याही. त्यापुढे शेअर रिक्षाची रांग, पावसाळ्यात छत्र्यांसकट वळणापलीकडे गेलेली.

रात्री गर्दी ओसरते, शटर खाली येतात, जिन्यावर भाजीचा पाला उरतो. मध्यरात्र उलटल्यावर शेवटच्या डाऊन गाडीने हॉटेलांत, छापखान्यांत, इस्पितळांत राबून आलेली माणसे उतरतात. त्यांच्यासाठीही बाहेर दोन-चार रिक्षा उभ्या असतात. भाडे तेवढे रिक्षावाला सांगेल ते.